डच प्रेशर गेजची परिभाषा इंग्रजीत आणताना

डच भाषेतील तांत्रिक मजकूर इंग्रजीत आणणाऱ्याच्या हाती प्रेशर गेजविषयीचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या उपकरणाविषयीचा, स्वतंत्र ग्रंथ क्वचितच येतो. येतात ती बॉयलरच्या किंवा पंपाच्या माहितीपुस्तिकेतली दोन-तीन पाने, सुट्या भागांची यादी, नाहीतर एखादे कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र. पाने थोडी म्हणून ती घाईत उरकली जातात. पण त्याच पानांवरून पुढे कोणीतरी गेजची ऑर्डर देतो, कोणीतरी ते वाफेच्या लाइनवर बसवतो आणि त्याच्या काट्यावर भिस्त ठेवून व्हॉल्व्ह उघडतो. या लेखात केवळ यांत्रिक गेजचा विचार केला आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रान्समीटरची परिभाषा वेगळी आहे आणि ती यात मिसळू नये. डच शब्द येथे उच्चाराच्या जवळपास देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष कामाच्या शब्दसूचीत ते मूळ लिपीत आणि मूळ स्पेलिंगसहच ठेवावेत.

आधी मानक, मग शब्दकोश

पहिली पायरी शब्दकोश उघडण्याची नसून मानक मिळवण्याची आहे. युरोपातील यांत्रिक गेजसाठी ईएन ८३७ हे मानक आहे. त्याचा पहिला भाग बोर्डन ट्यूबच्या (वक्र नळीच्या) गेजविषयी, दुसरा निवड व बसवणीविषयी आणि तिसरा डायफ्रॅम (लवचीक पडदा) व कॅप्सूल (दोन पडद्यांची बंद डबी) गेजविषयी आहे. गेजच्या परिभाषेसाठी ईएन ४७२ हे निराळे मानक आहे. युरोपीय मानके इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तीन अधिकृत भाषांत निघतात आणि नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट येथील एनईएन ही संस्था त्यांना राष्ट्रीय मानकाचा दर्जा देते. याचा अर्थ असा की आपल्या शब्दसूचीचा इंग्रजी रकाना मानकात तयार असतो, पण डच रकाना बहुतांशी उत्पादकांच्या आणि विक्रेत्यांच्या कॅटलॉगमधूनच भरावा लागतो.

येथे एक युक्ती फार उपयोगी पडते. डच गेजच्या परिभाषेतील बरेच शब्द जर्मन शब्दांच्याच साच्यात घडलेले आहेत. जर्मनमध्ये ‘रोरफेडर’ तर डचमध्ये ‘बाउसवेर’, जर्मनमध्ये ‘प्लाटेनफेडर’ तर डचमध्ये ‘प्लाटवेर’. डच शब्द अडला, तर त्याचा जर्मन जुळा शोधावा, तो जर्मन मानकात कोणत्या कलमात आला आहे ते पाहावे आणि त्याच क्रमांकाचे इंग्रजी कलम उघडावे. या वाटेने मिळालेला शब्द कोणत्याही सामान्य शब्दकोशातल्या शब्दापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

त्याच वेळी दोन प्रश्न ग्राहकाला विचारून घ्यावेत. पहिला, मूळ मजकूर नेदरलँड्समधला आहे की बेल्जियममधल्या फ्लँडर्सचा? फ्लेमिश कारखान्यात स्टेनलेस स्टीलला सर्रास ‘इनॉक्स’ म्हणतात, तर डच माणूस ‘रूस्टवास्ट स्टाल’ किंवा त्याचे आद्याक्षरी रूप ‘आरव्हीएस’ लिहितो. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: इंग्रजी वाचणारा कोण? अमेरिकी वाचक एएसएमई बी४०.१०० या मानकाच्या शब्दांत विचार करतो. युरोपीय वाचक ईएन ८३७ च्या. भारतात आयएस ३६२४ हे मानक आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत आजही दाब ‘सात किलो’, ‘दहा किलो’ असाच सांगितला जातो; म्हणून पुण्या-चाकणचा वाचक असेल, तर एककांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. त्याविषयी पुढे.

जोडशब्द शेवटाकडून सोडवावा

डच भाषा शब्दाला शब्द चिकटवत जाते आणि मुख्य नाम नेहमी शेवटी ठेवते. म्हणून ‘बाउसवेरमानोमेटर’ हा शब्द उलटीकडून वाचावा: मानोमेटर म्हणजे गेज, वेर म्हणजे स्प्रिंग, बाउस म्हणजे नळी. नळीच स्प्रिंगचे काम करते असे ते गेज, म्हणजेच ‘बोर्डन ट्यूब प्रेशर गेज’. फ्रान्समध्ये युजेन बोर्डन यांनी १८४९ मध्ये या वक्र नळीचे पेटंट घेतले. इंग्रजीने शोधकाचे नाव उचलले, तर जर्मन आणि डच भाषांनी रचना सांगणारा शब्द केला. ‘ट्यूब स्प्रिंग गेज’ असा शब्दशः अनुवाद वाचून इंग्रज अभियंत्याला अर्थ कळेलही, पण मजकूर परक्या हाताचा आहे हे त्याला लगेच जाणवेल. शिवाय ‘वेर’चे शब्दकोशातले इतर अर्थ पीस आणि नदीवरची होडी असे आहेत, त्यामुळे यंत्रानुवादावर सोडलेल्या यादीत काहीही निघू शकते.

‘मानोमेटर’ हा शब्दच या कामातला पहिला सापळा आहे. डचमध्ये तो दाब दाखवणाऱ्या सर्व गेजना चालतो. काटेकोर इंग्रजीत मात्र ‘मॅनोमीटर’ म्हटले की द्रवस्तंभाची यू-नळी डोळ्यांपुढे येते. काटा आणि तबकडी असलेल्या उपकरणासाठी ‘प्रेशर गेज’ हाच शब्द वापरावा. ‘प्लाटवेरमानोमेटर’ आणि ‘मेंब्रानमानोमेटर’ हे दोन्ही इंग्रजीत ‘डायफ्रॅम प्रेशर गेज’ होतात. ‘व्हॅक्यूममेटर’ हे ‘व्हॅक्यूम गेज’ आहे. ‘मानोव्हॅक्यूममेटर’मध्ये शून्याच्या दोन्ही बाजूंना मोजणी असते आणि त्याला इंग्रजीत ‘कंपाउंड गेज’ म्हणतात. येथे शब्दशः रूप अजिबात चालत नाही. ‘व्हेरस्खिलड्रुक’ म्हणजे ‘डिफरन्शियल प्रेशर’. कॅप्सूलची गेज दोन्ही भाषांत सहज ओळखू येतात, त्यांच्यावर थांबण्याचे कारण नाही.

दाबाच्या वाटेने आत जावे

सुट्या भागांची यादी वर्णानुक्रमे न घेता दाब ज्या मार्गाने काट्यापर्यंत पोहोचतो, त्या क्रमाने घ्यावी. एखादा शब्द अडला तरी त्या भागाचे काम ठाऊक असते आणि कामावरून इंग्रजी नाव सापडते.

दाब प्रथम ‘आनस्लाउटिंग’मधून शिरतो. ईएनच्या इंग्रजीत हे ‘प्रेशर कनेक्शन’ किंवा ‘प्रोसेस कनेक्शन’. अमेरिकी मानकात त्या धातूच्या ठोकळ्याला ‘सॉकेट’ म्हणतात. भारतीय वाचकासाठी ‘सॉकेट’ टाळावे, कारण आपला फिटर त्यावरून पाइप जोडायचा सॉकेट समजेल. ‘आनस्लाउटिंग ओंडर’ म्हणजे खालून जोडणी, इंग्रजीत ‘बॉटम कनेक्शन’ किंवा ‘लोअर माउंट’. ‘आख्टर’ म्हणजे मागून, ‘बॅक कनेक्शन’. मागची जोडणी मध्यावर आहे की खाली सरकलेली, हे डचमध्ये ‘सेंट्रिस’ आणि ‘एक्सेंट्रिस’ या शब्दांत दडलेले असते. तो शब्द गळला तर पॅनेलमध्ये पाडलेले छिद्र चुकते.

आट्यांच्या बाबतीत फार सावध राहावे. डच यादीत जुना ‘गासड्राट’ शब्द भेटतो; तो गॅसच्या लाइनसाठीचा आटा नसून साधा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मानकाचा, पाइप थ्रेड आहे. ‘जी ½ बी’ हे चिन्ह जसेच्या तसे ठेवावे. त्यातला ‘बी’ सहिष्णुतेचा (टॉलरन्सचा) वर्ग दाखवतो, त्याला अनावश्यक अक्षर समजून पुसू नये. अमेरिकी वाचकासाठी म्हणून कोणी त्याचे ‘½ एनपीटी’ (अमेरिकी पाइप आटा) करून टाकले, तर प्रकरण अंगाशी येते. दोन्ही आट्यांत इंचाला १४ फेरेच असल्यामुळे गेज सुरुवातीला व्यवस्थित बसल्यासारखे वाटते. पण ‘जी’चा कोन ५५ अंशांचा आणि आटा समांतर, तर एनपीटीचा कोन ६० अंशांचा आणि आटा निमुळता, म्हणून जोड धरत नाही आणि दाबाखाली गळतो. आट्याचे रूपांतर करणे हे अनुवादकाचे काम नाही. याच ठिकाणी येणारा ‘पाकिंग’ शब्द गास्केटसाठी किंवा सीलिंग वॉशरसाठी असतो. ग्लँडमध्ये भरायच्या दोरीच्या पॅकिंगला डचमध्ये ‘स्टॉपबुसपाकिंग’ असा वेगळा शब्द आहे. ‘स्ल्यूटलवेइट्टे २२’ किंवा ‘एसडब्ल्यू २२’ म्हणजे २२ मिलिमीटरचा पाना लागणाऱ्या सपाट बाजू. इंग्रजीत ‘२२ मिलिमीटर ॲक्रॉस फ्लॅट्स’.

त्यानंतर येतो ‘ऊर्वेर्क’. शब्दशः पाहिले तर घड्याळाचे यंत्र, आणि काही अनुवादांत तो खरोखर ‘क्लॉकवर्क’ म्हणून छापलेला दिसतो. गेजमध्ये त्याला ‘मूव्हमेंट’ म्हणतात. नळीच्या मोकळ्या टोकाची मिलिमीटरभर हालचाल ‘ट्रेकस्टांग’ म्हणजे ‘लिंक’ पुढे नेते, ती ‘टांडसेगमेंट’ला फिरवते, आणि दात्यांचा तो पाखा लहान ‘रॉंडसेल’ला फिरवतो. इंग्रजीत पाख्याला केवळ ‘सेक्टर’ आणि छोट्या चक्राला ‘पिनियन’. दात्यांमधली ढिलाई काढणारी बारीक स्प्रिंग ‘हेअरस्प्रिंग’. मग ‘वेइझर’ म्हणजे ‘पॉइंटर’ आणि ‘वेइझरप्लाट’ म्हणजे ‘डायल’. ‘स्लेपवेइझर’ हा मुख्य काट्याने पुढे ढकलला जाणारा आणि कमाल दाबावर तसाच थांबणारा दुसरा काटा आहे. त्याला ‘मॅक्झिमम पॉइंटर’ किंवा ‘ड्रॅग पॉइंटर’ म्हणावे, पण एका दस्तऐवजात एकच नाव ठेवावे. ‘कास्ट’ ही ‘केस’, कपाट नव्हे. काचेला डचमध्ये कधी ‘राउट’, कधी ‘ग्लास’ म्हणतात. मानकातला इंग्रजी शब्द ‘विंडो’ आहे, कारण ती काचेचीच असेल असे नाही.

‘ओव्हरड्रुक’ म्हणजे नक्की काय

या शब्दापाशी थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण त्याचे दोन अर्थ आहेत आणि चुकीचा अर्थ घेतला तरी वाक्य निर्दोष दिसते. पहिला अर्थ वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त असलेला दाब, म्हणजे इंग्रजीतला ‘गेज प्रेशर’. दुसरा अर्थ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलेला दाब, म्हणजे ‘ओव्हरप्रेशर’. ‘मेटबरेइक (मोजणीची कक्षा) ०…१० बार ओव्हरड्रुक’ येथे पहिला अर्थ आहे. ‘ओव्हरड्रुकबेवेइलिगिंग’, म्हणजे संरक्षणाची योजना, येथे दुसरा. शब्दासोबत आकडा आणि कक्षा असेल तर बहुधा ‘गेज’, संरक्षण, मर्यादा किंवा सहनशक्ती असेल तर ‘ओव्हर’, असा ठोकताळा धरता येतो. वाफेच्या कामात ‘बारो’ हे एकक दिसते. तेही बार ओव्हरड्रुकच, इंग्रजीत ‘बार गेज’. जुन्या बॉयलरच्या कागदांत ‘आटो’ आणि ‘आटा’ भेटतात: पहिला तांत्रिक वातावरणातला गेज दाब, दुसरा निरपेक्ष दाब. एक तांत्रिक वातावरण म्हणजे एक किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर, ०.९८०६६५ बार, आपल्याकडचा ‘किलो’ तो हाच. मूळ एकक तसेच ठेवावे आणि ग्राहकाने मागितले तरच शेजारी बारमधील मूल्य द्यावे. ‘मीटर वाटरकोलोम’ म्हणजे पाण्याच्या स्तंभाचे मीटर. एक मीटर म्हणजे सुमारे ९८ मिलिबार.

दाबाच्या इतर नावांतही गमती आहेत. ‘बेड्रेइफ’ म्हणजे कंपनी, पण ‘बेड्रेइफ्सड्रुक’ म्हणजे ‘वर्किंग प्रेशर’. ‘प्रूफड्रुक’ छापखान्यात मुद्रितशोधनाची प्रत असते, बॉयलरवर ती ‘टेस्ट प्रेशर’ होते. सर्वांत नमुनेदार ‘आफपेर्सन’: शब्दकोश सांगेल खंडणी उकळणे, प्लांटमध्ये अर्थ आहे पाइपलाइनची दाबचाचणी घेणे.

स्वल्पविराम आणि टिंब

डच लिखाणात दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब येते. ‘१,६ बार’ म्हणजे इंग्रजीतले १.६ बार, आणि ‘१.००० मिलिबार’ म्हणजे पूर्ण हजार मिलिबार. हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही चुका इथेच होतात, कारण संख्या नजरेआड कॉपी होऊन जातात. मानकातील कक्षा १, १.६, २.५, ४, ६ या क्रमाने दसपट होत जातात, म्हणून १० नंतर १६, २५, ४०, ६० असेच आकडे दिसले पाहिजेत. अनुवादात शून्य ते १५ बार आले, तर मूळ पुन्हा पाहावे. मात्र ही चाळणी एका चुकीला पकडत नाही: १,६ चा स्वल्पविराम गळून १६ झाले, तर तो आकडाही मालिकेतलाच असतो. यासाठी सर्व संख्या अनुवाद झाल्यावर वेगळ्या बैठकीत, केवळ संख्या म्हणून, मुळाशी ताडून पाहाव्यात.

‘क्लासे १,६’ हा ‘ॲक्युरसी क्लास १.६’ आहे. शून्य ते १६ बारच्या गेजवर याचा अर्थ पूर्ण कक्षेच्या १.६ टक्के, म्हणजे कोठेही जास्तीत जास्त ०.२५६ बारची त्रुटी. त्याचा अमेरिकी ‘ग्रेड’ करू नये. तिकडच्या ग्रेड ए मध्ये कक्षेच्या मधल्या अर्ध्या भागात एक टक्का आणि दोन्ही टोकांकडे दोन टक्के अशी मुभा असते. ती मोजपट्टीच वेगळी आहे. काही डच पत्रकांत ‘ऑनाउकेउरिगहेइट’, म्हणजे अचूकता नसण्याचे प्रमाण, असे लिहिलेले असते. इंग्रजी पत्रकात तेथे नेहमीप्रमाणे ‘ॲक्युरसी’ लिहावे आणि अधिक-उणे चिन्ह घालावे.

धातू, वायू आणि जोड

‘कोपर’ म्हणजे तांबे, पण ‘गेलकोपर’ म्हणजे पितळ आणि ‘रोडकोपर’ म्हणजे शुद्ध तांबे. नुसते ‘कोपर’ लिहिलेले असेल तर विचारून घ्यावे. ‘मेसिंग’ हे निःसंशय पितळ. ‘कुन्स्टस्टॉफ’ म्हणजे प्लास्टिक. ‘सिंथेटिक मटेरियल’ असे लांबण लावू नये. ‘झाख्ट’ सोल्डर म्हणजे ‘सॉफ्ट सोल्डर्ड’, पण ‘हार्ड’ सोल्डर म्हणजे ‘ब्रेझ्ड’. ४५० अंश सेल्सिअस ही दोन्हींमधली सीमा आहे आणि गेज किती गरम माध्यम सहन करील हे या एका शब्दावर ठरू शकते.

वायूंच्या नावांत तर चूक परवडणारीच नाही. ‘झूर’ म्हणजे आम्ल, पण ‘झूरस्टॉफ’ म्हणजे ऑक्सिजन. ‘वाटरस्टॉफ’ हायड्रोजन, ‘स्टिकस्टॉफ’ नायट्रोजन. ‘कोलझूर’ शब्दशः कार्बोनिक आम्ल असले तरी सिलिंडरच्या गेजवर तो कार्बन डायऑक्साइड असतो. ऑक्सिजनच्या गेजसोबत ‘तेल व ग्रीस विरहित’ अशी सूचना आणि तेलाच्या बुधलीवर फुली मारलेले चिन्ह येते. ती सूचना इंग्रजीत सौम्य विनंतीसारखी उतरवू नये. ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल पेट घेते.

सुरक्षितता आणि जोडसाहित्य

‘वेइलिगहेइड्समानोमेटर’ला नुसते ‘सेफ गेज’ म्हणता येत नाही. ईएन ८३७-१ मध्ये एस१ म्हणजे केसमध्ये दाब सुटण्याची सोय असलेले गेज, एस२ म्हणजे अडभिंत नसलेले ‘सेफ्टी पॅटर्न गेज’ आणि एस३ म्हणजे अडभिंत असलेले. डायल आणि नळी यांच्यामधल्या त्या मजबूत भिंतीला डचमध्ये ‘ब्रूकवास्ते स्खेइडिंग्सवांट’ म्हणतात; युरोपीय इंग्रजीत ‘बॅफल वॉल’, अमेरिकेत ‘सॉलिड फ्रंट’. नळी फुटली तर स्फोट वाचणाऱ्याच्या तोंडावर न येता मागून निघून जावा, हा तिचा हेतू. काचेच्या बाबतीत ‘गेलाग्ड’ म्हणजे ‘लॅमिनेटेड’ आणि ‘गेहार्ड’ म्हणजे ‘टफन्ड’. मुळात केवळ ‘सेफ्टी ग्लास’ असेल, तर आपल्या मनाने प्रकार जोडू नये. ‘बेस्खेर्मिंग्सग्राट आयपी ६५’ हे ‘इनग्रेस प्रोटेक्शन’, म्हणजे धूळ-पाणी आत शिरण्यापासूनचे संरक्षण, आहे. ‘प्रोटेक्शन क्लास’ ही विजेच्या उपकरणांच्या इन्सुलेशनची वेगळी वर्गवारी आहे.

जोडसाहित्यात ‘वाटरझाकबाउस’ म्हणजे ‘सायफन’: वळसे असलेली नळी, जिच्यात वाफेचे पाणी साचते आणि गरम वाफ गेजपर्यंत पोहोचत नाही. ‘स्मोरस्ख्रूफ’ म्हणजे ‘रिस्ट्रिक्टर स्क्रू’. ‘मानोमेटरक्रान’ म्हणजे ‘गेज कॉक’, कारण ‘क्रान’ नळाची तोटीही असते आणि माल उचलणारी क्रेनही. ‘आफस्लाउटर’ असेल तर ‘व्हॉल्व्ह’. ‘स्खेइडिंग्समेंब्रान’ म्हणजे ‘डायफ्रॅम सील’. जुन्या अमेरिकी कागदांत ‘केमिकल सील’. डायफ्रॅम गेज आणि डायफ्रॅम सील या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि एकाच यादीत दोन्ही असू शकतात.

प्रमाणपत्रातले तीन शब्द

‘एइकन’, ‘कॅलिब्रेरन’ आणि ‘युस्टेरन’ हे तीन शब्द डच बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, कागदावर येऊ नयेत. ‘कॅलिब्रेरन’ म्हणजे ‘कॅलिब्रेशन’: प्रमाण उपकरणाशी तुलना करून त्रुटी नोंदवणे, गेजला हात न लावता. ‘युस्टेरन’ म्हणजे ‘ॲडजस्टमेंट’: काटा किंवा मूव्हमेंट हलवून त्रुटी कमी करणे. ‘एइकन’ म्हणजे कायद्यानुसारची पडताळणी, ‘व्हेरिफिकेशन’. पण कारखान्यातला माणूस ‘गेएइक्ट’ लिहितो तेव्हा त्याला बहुतेक वेळा साधे कॅलिब्रेशनच म्हणायचे असते. तक्त्यात समायोजनापूर्वीचे आणि नंतरचे असे दोन संच असतील, तर समायोजन झाले आहे हे नक्की. एकच संच असेल तर ‘कॅलिब्रेटेड’ लिहून ग्राहकाकडून खात्री करून घ्यावी. ‘मेटऑनझेकरहेइट’ म्हणजे ‘मेझरमेंट अनसर्टन्टी’. ती त्रुटीपेक्षा वेगळी आहे आणि दोन्ही रकाने शेजारी-शेजारी असतात. उट्रेख्टची आरव्हीए ही डच अधिस्वीकृती संस्था आहे, जसे आपल्याकडे एनएबीएल. तिच्या नावाचा अनुवाद करू नये.

एक ओळ पूर्ण करून पाहू

समजा, यादीत अशी ओळ आहे: बाउसवेरमानोमेटर, कास्ट आरव्हीएस १०० मिलिमीटर, ग्लिसरीन भरलेली, ०…१६ बार, क्लासे १,०, आनस्लाउटिंग ओंडर जी ½ बी, मेसिंग. इंग्रजीत क्रम बदलावा: ‘बोर्डन ट्यूब प्रेशर गेज, नॉमिनल साइझ १००, स्केल रेंज ० ते १६ बार, ॲक्युरसी क्लास १.०, स्टेनलेस स्टील केस, लिक्विड-फिल्ड (ग्लिसरीन), बॉटम कनेक्शन जी ½ बी, ब्रास’. व्यासाचा शब्द वगळून ‘नॉमिनल साइझ’ घेतला, कारण १०० हा मानकातला ठरलेला आकार आहे. अमेरिकी वाचक त्याला चार इंची म्हणेल, पण ऑर्डरच्या कागदावर ते रूपांतर घालू नये. राहता राहिला शेवटचा ‘मेसिंग’. पितळ फक्त जोडणीचे आहे की माध्यमाला लागणारे सगळेच भाग तांब्याच्या मिश्रधातूचे आहेत, हे ओळीवरून ठरत नाही. अमोनियाच्या लाइनवर हा फरक निर्णायक असतो, कारण अमोनिया पितळेला तडे पाडतो. म्हणून तो शब्द मुळातल्याच जागी, शेवटी ठेवावा, प्रश्नांच्या यादीत नोंदवावा, आणि यादी अनुवादासोबतच पाठवावी. उत्तर आल्यावर आकृतीतील भागक्रमांक व अनुवादातील नावे पुन्हा एकदा जुळवून पाहावीत, आणि मगच शब्दसूचीतील त्या नोंदीसमोर ‘पक्के’ असे लिहावे.